एकच वाकडं क्षितिज

परवा व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता अन्वीने तिकडे कॅल्गरीत फोन भिंतीकडे फिरवला आणि विचारलं, "आजी, तुझे सगळे फोटो सरळ असतात. माझ्या खोलीतला एवढाच वाकडा का आहे?"

मी म्हटलं, "सांगेन कधीतरी."

"तू नेहमी असंच म्हणतेस," मागून ईशान म्हणाला. तो तिचा धाकटा भाऊ. दोघांचं कशावरही एकमत होत नाही, पण या आरोपावर लगेच झालं.

त्याच सुमारास इथल्या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "मॅडम, आयुष्यभर चंद्रपूर-गडचिरोलीचे फोटो काढलेत, त्या कामावर काहीतरी लिहा." एका लेखात दोन मागण्या भागत असतील तर मला आवडतं. घरातले डबेही मी असेच एकात एक लावते. तेव्हा मुलांनो, हा लेख तुमच्यासाठी आहे आणि बाकीच्या वाचकांनी तो तुमच्या खांद्यावरून वाचतोय असं समजावं. तुम्हाला अडेल तिथे आई वाचून दाखवील. तिचं नाव या लेखात बरंच येणार आहे, त्यामुळे ती काही ओळी गाळण्याचा प्रयत्न करील. लक्ष ठेवा.

आमच्या जिल्ह्यात "मी फोटोग्राफर आहे" असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. वाघ दिसला का? मी नाही म्हटलं की समोरचा माणूस हळहळतो, जणू मी डॉक्टर आहे आणि मला नाडी सापडत नाही. मी वाघाचे फोटो काढत नाही. तळ्यांचे काढते, धानाच्या बांध्यांचे, म्हणजे भातखाचरांचे काढते, पळसाचे, जुन्या दरवाजांचे, देवळांचे आणि मावळत्या सूर्याचे काढते. ते कॅलेंडरवर छापले जातात, बँकेच्या भिंतीवर लागतात, विश्रामगृहात पलंगाच्या वर टांगले जातात. अनोळखी माणसं त्यांच्याखाली घोरतात. त्यात कमीपणा काही नाही. घोरणारा माणूस झोपण्यापूर्वी एकदा तरी वर बघतोच.

या कामाची निम्मी मेहनत वाट बघण्यात जाते. तळं तिथेच असतं, देऊळ तिथेच असतं, ऊन तेवढं हवं तिथे नसतं. चैत्र-वैशाखात दुपारी आमच्याकडे कॅमेरा ओल्या टॉवेलात गुंडाळून न्यावा लागतो आणि ट्रायपॉडच्या पायाला हात लावला तर चटका बसतो. फाल्गुनात पळस फुलतो, पण तो बघायला सकाळीच जायला हवं. दुपारच्या पांढऱ्या आभाळाखाली त्याचा लाल रंग मरतो. पावसाळ्यात लेन्स पुसायला एक सुती पदर हाताशी असलेला बरा. म्हणून मी या कामावर नेहमी साडीच नेसून गेले. नागपूरच्या कॉन्व्हेंटमधल्या माझ्या मैत्रिणींना ते जुनाट वाटायचं. त्यांनी कधी पावसात लेन्स पुसली नव्हती.

आणि सूर्यास्ताचा पहिला नियम असा, की सूर्य बुडाल्यावर थांबायचं. बहुतेक लोक सूर्य टेकला की फोटो काढतात, "झालं" म्हणतात आणि गाडी सुरू करतात. खरा रंग त्यानंतर येतो. आधी सगळं विझल्यासारखं होतं आणि मग आभाळाला आठवण आल्यासारखं ते खालून पेटतं. ते ज्याला ठाऊक आहे त्याचे पाय निघत नाहीत. तुमचे आजोबा म्हणायचे, "हिचं माहेरचं आडनाव 'थांबा जरा' आहे."

चंद्रपूरचा सूर्यास्त जास्त लाल का, तेही सांगते. सुरुवातीची काही वर्षं मी वीज केंद्राची धुराडी चौकटीत येऊ नयेत म्हणून काटेकोर कोन साधत असे. मग लक्षात आलं, माझ्या सूर्याचा अर्धा रंग त्या धुराचा आणि कोळशाच्या धुळीचाच आहे. ज्याचं खातो त्याला घराबाहेर उभं करणं बरं नव्हे. तेव्हापासून धुराडी फोटोत यायला लागली.

एकदा शहराच्या जुन्या कोटाच्या बिनबा दरवाजावर संध्याकाळचं ऊन छान पडलं होतं आणि कमानीत बरोबर मधोमध एक ऑटो उभा होता. मी चालकाला म्हटलं, "भाऊ, जरा बाजूला घेता का?"

"काऊन? माह्या ऑटोचा फोटो बेकार येते काय?"

"तसं नाही, मला फक्त दरवाजा हवाय."

"दरवाजा तं चारशे वर्सापासून इथीच हाय, बाई. ऑटो कालच रंगवला."

काढला ऑटोसकट. माझे फोटो मढवून देणारे गफूरभाई यांनी तो आपल्या दुकानाच्या दर्शनी भागात लावला, आणि मी फार मेहनतीने काढलेला रिकाम्या दरवाजाचा फोटो आत पंख्यामागे. मी कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे मूल गावच्या राइस मिलचे शेठजी. मिलवर धान घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ते नव्या वर्षाचं कॅलेंडर देत. पूर्वी त्यावर देवांची चित्रं असत. मी आपल्या भागातल्या जागा टाकायला सुचवलं, तेव्हा ते बराच वेळ सुपारी कातरत बसले.

"ठीक हाय. पण बाराही महिने सूर्यास्त टाका, मॅडम. लोकाले आवडते."

"मग कुठला महिना ते कसं ओळखायचं?"

"खाली लिहिलेलं राह्यते ना जी."

शेवटी दोन सूर्यास्तांवर तडजोड झाली. उठताना ते म्हणाले, "आन् एक वाघ टाका. कोपऱ्यात. लहानसा."

त्या कॅलेंडरची गंमत अशी, की ते धान पिकवणाऱ्यांच्या घरात लागायचं. पुण्या-मुंबईत भाद्रपदाच्या पानावर कापणीचं शेत छापलं तर कोणी हूं की चूं करणार नाही. मूलच्या बाजारात मला बायांनी अडवून विचारलं असतं. म्हणून प्रत्येक चित्र त्या त्या महिन्यातच काढायचं, हा माझा दंडक होता. अकरा महिने मनासारखे सापडले. आषाढ सापडत नव्हता. आषाढात आमच्याकडे आभाळ नुसतं राखी असतं. मला हवं होतं नुकतं भरलेलं तळं, त्यावर सकाळचं धुकं आणि ढगाच्या फटीतून आलेलं थोडंसं ऊन. तशी जागा मला ठाऊक होती. पोंभुर्ण्याच्या पलीकडे जंगलाच्या काठाला कोसमटोला नावाचं लहान गाव आहे. त्याच्या पूर्वेला तळं आणि पश्चिमेला गावात येणारा एकुलता एक गाडीरस्ता. मी तिथे बऱ्याचदा जात असे आणि गाव मला "फोटोबाई" म्हणून ओळखत असे.

त्या वर्षी तुमची आई, म्हणजे माझी शलाका, बाळंतपणाला माहेरी आली होती. तुमचे बाबा निनाद रजा काढून आले होते. आजोबा तेव्हा हयात नव्हते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की अजून बराच अवकाश आहे. मी घरात बसून शलाकाच्या पाण्याच्या, फळांच्या, झोपेच्या वेळा सांभाळत होते. एका संध्याकाळी पाऊस उघडला आणि मी खिडकीतून आभाळ बघत राहिले.

शलाका म्हणाली, "आई, उद्या जा."

"कुठे?"

"जिथे तुझं लक्ष आहे तिथे. तू घरात असलीस की मला श्वाससुद्धा वेळेवर घ्यावा लागतो."

पहाटे मी माझी छोटी गाडी काढली. कोसमटोल्यात पोहोचले तेव्हा रस्त्यावर कोणी नव्हतं. गाडी पहिल्या घरापाशी लावली आणि तळ्याच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, ट्रायपॉड उभा केला. त्यावर गवंड्याच्या पाणसळीत असतो तसा एक बुडबुडा असतो. तो मधोमध आला की क्षितिज सरळ. तो मधोमध आल्याशिवाय मी आयुष्यात बटण दाबलेलं नव्हतं.

धुकं होतं, ऊन नव्हतं. मी थांबले. गावात डफडं वाजायला लागलं. पूजा असेल म्हणून मी तिकडे बघितलंही नाही. आणखी थांबले. आणि मग ढग जरासा फाटला, धुक्यात एक सोनेरी पट्टा उतरला, आणि मला माझा आषाढ मिळाला. एक बगळा त्या पट्ट्यातून चालत गेला, जणू शेठजींनीच पाठवला होता. वाघ नाही तर नाही.

मी गुणगुणत गाडीपाशी परत आले आणि बघते तो रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांबू रोवलेले आणि मध्ये तणसाची, म्हणजे धानाच्या वाळल्या काडाची, वळलेली जाड दोरी. दोरीत कडुनिंबाचे डहाळे खोचलेले. गाडी दोरीच्या आत, मी दोरीच्या आत, आणि चंद्रपूर बाहेर.

"आज गाव बांधलं, बाई," ऋषीभाऊ म्हणाले. ते गावचे पुजारी. अंगात बनियन, कपाळाला शेंदूर. "तुमी कवा आल्या? आमी तं कोणाले पाह्यलं नाई."

गाव बांधतात हे मला ऐकून माहीत होतं. आखाडीच्या दिवसांत, रोवणीचा, म्हणजे धानाच्या लावणीचा, जोर सुरू व्हायच्या आधी, एक दिवस ठरवून गावाच्या शिवेवर पूजा करतात आणि रस्त्याला दोरी बांधतात. सूर्य बुडेपर्यंत कोणी आत यायचं नाही, कोणी बाहेर जायचं नाही. नांगर नाही, रोवणी नाही, ढोरं चरायला नाहीत. रोगराई, साप, वाघरू वर्षभर शिवेच्या बाहेर राहावं म्हणून. वाघ बाहेर आणि मी आत, हे मला तेव्हा गमतीचंच वाटलं.

"म्हणजे मी संध्याकाळपर्यंत तुमची पाहुणी?"

"पाव्हणी कायची? घरचीच. चहा घ्या."

चहा घेतला. लवकर आल्याची ही शिक्षा मला चालण्यासारखी होती. मग घरी कळवावं म्हणून मी पाळीवर गेले, कारण कोसमटोल्यात फोनची रेंज तेवढ्याच एका जागी, पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली मिळायची. फोन लावायच्या आतच वाजला. निनाद होता.

"आई, आम्ही हॉस्पिटलला निघालोय. कळा सुरू झाल्या."

मी पाळीवरून धावत खाली आले. त्या वयात धावले, आणि साडीत. गाडीपाशी पोहोचले, किल्ली लावली, आणि समोरच्या काचेतून ती दोरी दिसली. माणूस कमरेत वाकला तर खालून सहज जाईल अशी. गाडी नुसती हलकेच पुढे घेतली तरी तुटेल अशी.

लोक जमले. मी त्यांना सांगितलं. मग ऋषीभाऊ म्हणाले, "तुमाले कोणी धरून नाई ठेवत, बाई. दोरी हाय, भित नाई. लेकीचं काम हाय. तुमीच ठरवा."

"तोडली तर काय होईल?"

मागून एक बाई म्हणाली, "मागच्या साली वाघानं माह्या जावेचा बैल नेला जी. बांधलं नोहोतं तवा, पावसाच्या पायी राहून गेलं होतं." तिने ते माझ्यावर दडपण आणायला सांगितलं नव्हतं. विचारलं म्हणून सांगितलं.

मी इंग्रजीत शिकलेली बाई. वाघ तणसाच्या दोरीला विचारून येत नाही हे मला कळतं. पण या गावात पुढच्या वर्षभरात जे कोणी आजारी पडेल, जे ढोर मरेल, त्याच्या घरात "फोटोबाईनं दोरी तोडली होती" एवढी ओळ राहील, हेही कळत होतं. आणि तिकडे माझी एकुलती एक लेक.

मी पुन्हा पाळीवर गेले आणि फोन लावला. शलाकाने स्वतः घेतला. कळांच्या मधल्या वेळेत होती. मी सगळं सांगितलं.

"आई, दोरी ओलांडू नको."

"अगं पण…"

"ऐक. निनाद आहे, डॉक्टर आहेत, दोन सिस्टर आहेत. तू येऊन काय करणार? चादर सरळ करशील." मग ती थांबली, एक कळ गेली, आणि पुन्हा म्हणाली, "त्यांचं मोडून आलीस ना, तर तू वर्षभर झोपणार नाहीस. आणि मग मीपण झोपणार नाही. बाळ तर झोपणार नाहीच."

मी राहिले. तुम्ही मला विचारता ना, की तुमची आई इतकी हट्टी कोणावर गेली? माहीत नाही.

पाळीवर हळूहळू सगळं गाव जमलं, कारण बातमी तिथेच येणार होती आणि त्या दिवशी कोणाला काही काम नव्हतं. निनादचा फोन येत होता. आधी म्हणाला, ठीक आहे. मग म्हणाला, पुढे सरकत नाहीये. मग म्हणाला, डॉक्टर म्हणतात थोडी वाट बघू, नाहीतर ऑपरेशन करावं लागेल. मी फोन ठेवला आणि ऐकलेलं सगळ्यांना सांगितलं.

तेव्हा भागरताबाई उठल्या. त्या गावच्या जुन्या सुईण. अर्ध्या कोसमटोल्याची नाळ त्यांनी कापलेली. बराच वेळ त्या बिडी विझवून बोटांत धरून नुसत्या बसल्या होत्या.

"ऋषी," त्या म्हणाल्या, "गाव बांधून ठेवलं आन् तिकडं बाई अडून राह्यली. गाठ असली की अडतेच. बाळंतिणीच्या घरी गाठ ठेवत नाईत, तुले मालूम हाय का नाई?"

"मालूम हाय ना, मोठ्याबाई. पण दोरी दिवस बुडाल्याबिगर नाई सुटत."

"ते नोको सोडू. ते गावाची गाठ. बाकी साऱ्या सोडा."

आणि त्या दिवशी मी जे बघितलं त्याला माझ्याकडे कुठली लेन्स नव्हती. भागरताबाईंनी आधी स्वतःचा अंबाडा सोडला. पांढरे केस, कमरेपर्यंत. मग सगळ्या बायांनी केस सोडले. मग त्या घराघरांत शिरल्या. डब्यांची झाकणं उघडली. कुलपं काढली. पोत्यांची तोंडं सोडली. माठावरच्या ताटल्या काढल्या. वाळत घातलेल्या कपड्यांची दोरीसुद्धा कोणीतरी सोडली आणि धुतलेले कपडे चिखलात गेले. गडी माणसं आधी हसत होती, मग भागरताबाईंनी गोठ्याकडे बोट दाखवलं.

"ढोरायची दावी बी."

"मोठ्याबाई, ढोरं पळतीन ना!"

"पळतीन तं पळतीन. दोरीच्या भाईर तं नाई जात. गाव बांधून हाय."

हा युक्तिवाद ऋषीभाऊंनाच मान्य करावा लागला. दावी सुटली. सकाळपासून चरायला न गेलेली सगळी ढोरं एकाच वेळी मोकळी झाली आणि गावभर उधळली. एक गोऱ्हा शाळेच्या ओसरीवर चढला. एक म्हैस माझ्या गाडीला पाठ घासत उभी राहिली आणि तिला हलवायची कोणाची छाती झाली नाही. एक जण आदल्या दिवशी खणून ठेवलेल्या धानाच्या रोपांच्या पेंढ्यांसमोर हात पसरून उभा राहिला, "ह्या नोको सोडा वं माय, उद्या रोवणा हाय!"

"उद्या पुन्हा बांधजो," भागरताबाई म्हणाल्या आणि पहिली पेंढी स्वतः सोडली.

मग त्या माझ्याकडे वळल्या. मी बॅगेची चेन उघडली, बुटांच्या नाड्या सोडल्या, केस सोडले. त्यांनी ट्रायपॉडकडे बघितलं.

"ह्या तीन पायाच्या घोड्याले कित्ती गाठी? सोडा."

मी ट्रायपॉडचा प्रत्येक स्क्रू सैल केला. तो पाळीवर आडवा पडला, आणि त्याच्यावरचा तो बुडबुडा एका कोपऱ्यात जाऊन बसला. मी हसायला लागले, आणि हसता हसता रडायला. भागरताबाई म्हणाल्या, "रडा, रडा. तेबी मोकळंच करणं हाय."

दुपार कलली. आम्ही सगळे केस सोडून पाळीवर बसलो होतो. कोणी लांबून बघितलं असतं तर मोठं दुःख झालंय असं वाटलं असतं. फोन वाजला. मी उचलला. भागरताबाईंनी तो हातातून घेतला आणि उलटा धरून ओरडल्या,

"बोला जी! पोट्टी का पोट्टा?"

निनादचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "मुलगी! मुलगी झाली!"

"रडली?"

"हो, खूप."

"माय?"

"ठीक आहे. ऑपरेशन नाही लागलं."

"मंग झालं," त्या म्हणाल्या आणि फोन मला परत देऊन त्यांनी ती विझलेली बिडी पेटवली.

गाठींचा आणि बाळंतपणाचा काही संबंध नाही, असं माझं शिक्षण मला आजही सांगतं. मी त्याच्याशी वाद घालत नाही. पण अन्वी, त्या गावात डफडं पुन्हा वाजलं ते तुझ्यासाठी. कोणीतरी नाव सुचवलं, "मोकळी". कोसमटोल्यात आजही मला विचारतात, "आमची मोकळी कशी हाय?" तुझ्या पासपोर्टवर काहीही असो.

मग सुरू झालं बांधायचं काम. ढोरं धरून आणता आणता गडी माणसं घामाघूम झाली. ऋषीभाऊ माझ्याजवळून एका गाईमागे पळत जाताना ओरडले, "बाई, पयल्याच दिवशी तुमच्या नातीनं गाव पळवलं!"

संध्याकाळी आम्ही सगळे रस्त्यावर दोरीपाशी जमलो. दिवसभर राखी असलेलं आभाळ पश्चिमेला जरासं उचललं होतं आणि त्या फटीत सूर्य आला. समोर ओला रस्ता, त्यावर लाल उजेड, मध्ये दोरी आणि तिच्यातले निंबाचे डहाळे. तीस-पस्तीस वर्षं मी ज्या उजेडाची वाट बघते, तो आयताच समोर उभा होता. ट्रायपॉड गाडीत सुटा पडला होता. तो जोडेपर्यंत सूर्य थांबणार नव्हता.

ऋषीभाऊ म्हणाले, "दिवस टेकला, आता बुडालाच समजा. पयली गाठ तुमीच सोडा. तुमाले जाची घाई."

मी गळ्यातला कॅमेरा मागे सारला आणि गाठ सोडली. तणसाची गाठ ओली होऊन घट्ट झाली होती. मला दात लावावे लागले. दोरी खाली पडली. सूर्य अजून कडेला चिकटून होता. मी कॅमेरा पुढे ओढला आणि हातातच धरून एक फोटो घेतला. एकच. बुडबुडा बघितला नाही. आणि मागे वळून न बघता गाडीत बसले.

सूर्य बुडाल्यावर थांबायचं, हा नियम मी सांगितला. त्या दिवशी आभाळाला नंतर काय रंग आला, मला ठाऊक नाही. गाडीच्या आरशात मागची झाडं काही वेळ लाल दिसत होती. आयुष्यात तेवढा एकच सूर्यास्त मी अर्धा सोडला.

एक रुखरुख मात्र आहे. भागरताबाई आता नाहीत, आणि इतक्या वर्षांत त्यांचा एकही फोटो माझ्याकडे नाही. मी माणसांचे फोटो काढत नाही, असं मी अभिमानाने सांगायची. केस मोकळे सोडलेल्या त्या म्हातारीला कॅमेऱ्यात पकडणं सोडा, माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तळी मात्र माझ्याकडे ढिगाने आहेत.

पुढे तो फोटो मोठा करून गफूरभाईंकडे मढवायला दिला, तेव्हा त्यांनी तो डोकं तिरकं करून बघितला. "मॅडम, आप का और टेढ़ा? कडेला थोडा कापून देतो, सरळ होऊन जाईल."

"नको," मी म्हटलं.

"गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"गिऱ्हाईक अजून बोलत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फोटोकडे, आणि त्यांच्याकडची सगळ्यात चांगली सागवानी पट्टी काढली. तोच फोटो तुझ्या पाळण्यावर लागला, आणि मग तुमच्या सामानाबरोबर समुद्रापार गेला.

पण त्या संध्याकाळचं थोडं राहिलं. मी हॉस्पिटलमध्ये पोहोचले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, केस मोकळेच, बुटांच्या नाड्या लोंबत होत्या. दारातल्या सिस्टरने मला अडवलं. शलाका आतून थकलेल्या आवाजात म्हणाली, "येऊ द्या सिस्टर, ती माझी आई आहे. रोज अशी नसते."

मग मला म्हणाली, "फोटो मिळाला?"

"सकाळचा छान मिळाला. संध्याकाळचा वाकडा आलाय."

"तुझा? वाकडा?" ती हसली, आणि हसताना दुखलं म्हणून कपाळाला आठी घातली.

सिस्टरने मला आधी हात धुवायला लावले, कोपरापर्यंत, दोनदा. मग तुला माझ्याजवळ आणलं. दुपट्यातून तुझा एक हात बाहेर आला होता. मूठ घट्ट मिटलेली.

"जन्मल्यापासून उघडतच नाहीये," सिस्टर म्हणाल्या. "सोडवायला गेलं की रडते."

मी बोट पुढे केलं. तू मूठ क्षणभर सैल केलीस आणि ते बोट आत घेऊन पुन्हा मिटलीस. कोसमटोल्यातली प्रत्येक गाठ त्या दिवशी सुटली होती. ही एक बांधली गेली, आणि मी कोणालाही ती सोडवू दिली नाही.